चार्जिंगचा कोपरा: नवशिक्यांसाठी घरगुती अभ्यासक्रम

अभिनंदन. तुमच्या घरात आता माणसं चार आणि चार्ज करायच्या वस्तू अकरा झाल्या आहेत. फोन, कानातली बोंडं, मनगटावरचं घड्याळ, बाथरूममध्ये गाणारा स्पीकर, दाढीचा ट्रिमर, मुलाची रिमोटवरची गाडी. या सगळ्यांना वायरलेस म्हणतात, कारण त्यांच्या वायरी इकडेतिकडे न पसरता एकाच जागी गोळा होतात: टीव्हीच्या मागे, जिथे केरसुणी पोचत नाही. हाच तुमचा चार्जिंगचा कोपरा. तो उभारायला विजेतलं काही कळावं लागतं, असा समज असेल तर काढून टाका. आमच्या घरात तीन पिढ्यांना कळलेलं नाही, तरी बिल वेळेवर भरतो.

१. चार्जर पदपथावरून घ्या. फोनला पन्नास हजार मोजलेत, आता काटकसर कुठून तरी सुरू व्हायला हवीच. विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारा: ‘फास्ट आहे ना?’ आणि ‘खराब झाला तर?’ दुसऱ्या प्रश्नाला तो म्हणेल, ‘मी रोज इथंच असतो.’ ही झाली वॉरंटी. चार्जरच्या पाठीवर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो, आणि तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून खरा की खोटा ते पाहता येतं. पाहू नका. नव्वद रुपयांच्या व्यवहारात कुणाची कुंडली मागणं शोभत नाही.

आत काय असतं ते न कळलेलंच बरं, पण विचारताय म्हणून सांगतो. भिंतीतून येतात २३० व्होल्ट. आत शिरल्यावर त्यांचा डीसी होतो आणि आकडा सव्वातीनशेच्या आसपास चढतो. पलीकडे तुमच्या फोनच्या बाजूला हवेत ५ व्होल्ट. या दोन वस्त्यांच्या मधे एक इवलासा ट्रान्सफॉर्मर असतो आणि सर्किटाच्या पट्टीवर पाच-सहा मिलिमीटरची रिकामी जागा. चांगला कारखानदार ही जागा रिकामीच ठेवतो. स्वस्तातल्या कारखानदाराचा स्वभाव बिल्डरचा: मोकळी जागा दिसली की बांधकाम. मग कधीतरी अलीकडची वस्ती पलीकडे जाते, आणि त्या वेळी फोन नेमका तुमच्या गालाला असतो.

चार्जर किंवा पॉवर बँक घेताना तळहातावर तोलून बघण्याची जुनी पद्धत मात्र सोडू नका. जड म्हणजे दणकट. वजन भरावं म्हणून आत वाळू किंवा लोखंडाचा तुकडा घातलेल्या पॉवर बँका सापडल्या आहेत. दणकटपणात वाळूला तोड नाही.

२. सॉकेटाची समजूत घाला. नव्या सॉकेटात आतून एक पडदा असतो. वरच्या मोठ्या भोकात अर्थिंगची लांब पिन आधी शिरते, ती पडदा बाजूला करते, मगच खालची दोन भोकं उघडतात. लहान मुलांनी तिथे तार खुपसू नये, म्हणून कुणीतरी डोकं चालवून केलेली ही सोय. तुमचा चार्जर दोन पिनांचा, परदेशी चपट्या पायांचा. त्याच्यासाठी पडदा उघडत नाही. अशा वेळी वरच्या भोकात बॉलपेन खुपसा आणि खालून चार्जर दाबून बसवा. पेन प्लास्टिकचं घ्या. स्क्रूड्रायव्हर घेणारे पुढच्या इयत्तेतले. हे करताना मुलाला जवळ उभं करायला विसरू नका, पडदा नेमका कसा फसवायचा ते त्याला नीट दिसलं पाहिजे.

३. एक्स्टेंशन बोर्डाला एक्स्टेंशन बोर्ड जोडा. साध्या बोर्डाची पेलण्याची ताकद ६ अँपिअर, म्हणजे १३८० वॉट. चार्जर बिचारे थोडकंच खातात, त्यामुळे बोर्डावर जागा उरल्यासारखी वाटते. तिथे १५०० वॉटची किटली लावा. बोर्ड कोमट लागला तर काळजी नको, थंडीत मांजर त्यावर झोपतं. एमसीबी वारंवार पडत असेल तर तो खराब आहे असं समजा आणि १६ अँपिअरचा काढून ३२चा बसवून घ्या. मग तो पडणार नाही. भिंतीतली वायर आधी जाईल.

४. श्रीखंडाचा डबा. हा या अभ्यासक्रमाचा गाभा. प्रत्येक मराठी घरात श्रीखंड संपल्यावर डबा उरतो आणि उपकरण मेल्यावर अडॅप्टर उरतो. यथावकाश दोघांचं लग्न लागतं. १२ व्होल्टचा जुन्या राउटरचा, ९ व्होल्टचा कुणाच्या तरी बीपी यंत्राचा, ५ व्होल्टचा कशाचा ते आता कुणालाच आठवत नाही, आणि एक केवळ जपानहून आला म्हणून ठेवलेला, ज्यावर १०० व्होल्ट लिहिलंय.

नवा स्पीकर चार्ज होईना की डबा उघडा. निकष एकच: पिन बसते का? बसली म्हणजे जमलं. आपल्याकडे पत्रिकेतले छत्तीस गुण बघतात, पण अडॅप्टरला एक गुण पुरतो. खरं तर व्होल्ट तंतोतंत जुळावे लागतात. अँपिअर लागतील तितके किंवा त्याहून जास्त असले तर हरकत नाही, कारण उपकरण हवे तेवढेच ओढून घेतं. शिवाय गोल पिनेचं अधिक चिन्ह आत आहे की बाहेर, हे सांगणारं एक छोटं चित्र अडॅप्टरवर छापलेलं असतं. हे चित्र आजवर कुणी पाहिल्याची नोंद आमच्या घरात नाही. बहुतेक जण ‘अँपिअर जास्त आहेत, जळेल’ म्हणून योग्य अडॅप्टर बाजूला ठेवतात आणि ५ व्होल्टच्या स्पीकरला १२ व्होल्ट पाजतात. स्पीकर एकदाच, पण फार मोठ्याने बोलतो.

५. झिणझिण्या. चार्जिंगला लावलेल्या धातूच्या वस्तूला हात लावला की मुंग्या येतात. घरातल्या वडीलधाऱ्यांचा सल्ला: पायात चपला घाला. लावा हात. चांगल्या, दोन पिनांच्या अडॅप्टरमधूनही अशी किंचित गळती होते आणि ती निरुपद्रवी असते. नव्वद रुपयेवाल्याचीही सुरुवात अशीच होते. मुंगी आहे की इंगळी, ते ओळखायला पुरेसा वेळ मिळेल अशी आशा ठेवा. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घेतला तर तो तुमच्या आधी ओळखतो, पण त्यात मग तुमचं कौशल्य काय राहिलं?

६. फोन उशीखाली ठेवूनच चार्ज करा. बॅटरीला उष्णता सोसत नाही, म्हणून तिला कापसात गुंडाळा.

७. बटन सेलचा धडा या अभ्यासक्रमात नाही. लहान मुलाने तो गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजायला लागते. त्यांच्या हाती लागतील असे ते ठेवू नका, गिळल्याचा संशय आला तर तडक दवाखाना गाठा. पुढे चला.

८. फुगलेली बॅटरी. एके दिवशी फोनची पाठ टम्म पुरीसारखी वर येईल. घरात अशा वेळी तज्ज्ञ उगवतात. मेहुणा म्हणेल, सुईने हवा काढू. काकू म्हणतील, फ्रीजरमध्ये ठेवा. आजी म्हणतील, वरवंटा ठेवा वर, बसेल. तिघांचंही ऐका, क्रमाने.

फुगवटा असतो तो आत तयार झालेल्या वायूचा. बॅटरीत अधिक आणि उणे यांच्यामधे केसाहून पातळ प्लास्टिकचा पापुद्रा असतो. सारा संसार त्या पापुद्र्यावर उभा. सुई तो भेदते, दोन्ही टोकं भेटतात, उष्णता वाढते, वाढलेली उष्णता आणखी उष्णता करते, आणि मग ते थांबवणं मेहुण्याच्या हाती राहत नाही. सॅमसंगसारख्या कंपनीला २०१६ साली बॅटरीतल्या दोषांमुळे गॅलेक्सी नोट ७ बाजारातून परत घ्यावा लागला, प्रयोगशाळा आणि इंजिनिअर हाताशी असताना. मेहुण्याकडे सुई आहे आणि आत्मविश्वास आहे.

सुईतून वाचलीच, तर ती बॅटरी इ-कचरा घेणाऱ्याकडे देऊ नका. ‘बघू’ म्हणून कपाटात ठेवा, कपड्यांच्या घडीत. कंटाळा आला की ओल्या कचऱ्यात लपवून घंटागाडीत सोडा. गाडीतला दाबयंत्राचा भाग पुढचं बघून घेईल, आणि गाडीवरचा माणूसही.

९. प्रवास. पॉवर बँक चेक-इन सुटकेसच्या तळाशी, स्वेटरांत घाला. नियम सांगतो की ती केबिनमध्ये, आपल्याजवळ हवी, कारण पेटली तर कुणाला तरी दिसली पाहिजे. सर्वसाधारण मर्यादा १०० वॉट-अवर. २०,००० मिलिअँपिअर-अवरची तुमची पॉवर बँक साधारण ७४ भरते, म्हणजे हातातल्या बॅगेत ती कायदेशीर आहे. पण मग विमानतळावर तुमचं नाव पुकारून, सगळ्यांसमोर सुटकेस उघडायला लावून, चकल्यांचा डबा बाहेर काढण्याचा सोहळा हुकेल.

१०. अंतिम परीक्षा. रात्री साडेअकराला टीव्हीच्या मागून वास येईल. आधी प्रत्येकाने तो आपल्या खोलीतून येत नाही हे जाहीर करावं. मग कुणी तरी उदबत्ती लावावी. मग, शेवटचा चार्जर कुणी लावला आणि बटण कुणी बंद केलं नाही, यावर चर्चा घ्यावी. यात लग्नातल्या मानपानापर्यंत मागे जाता येतं. धूर दिसला की बादलीभर पाणी घेऊन धावा, मेन स्विच खाली पाडायचं काम मात्र सगळ्यात शेवटी करा, कारण अंधारात भांडण नीट होत नाही.

सकाळी उजेडात पाहणी करा. बोर्ड वितळलेला असेल, भिंतीवर काजळीचा पिंपळ उमटला असेल, मांजर शेजाऱ्यांकडे राहायला गेलं असेल. अडॅप्टर काळा पडला असला तरी फेकू नका. ओल्या फडक्याने पुसा, वायर गुंडाळा, रबरबँड लावा आणि श्रीखंडाच्या डब्यात ठेवा. पिन अजून चांगली आहे.