दहाच्या आत झिंगात

माणूस साहेबाच्या हातापाया पडून रजा मिळवतो, पोटाला चिमटा काढून तिकीट काढतो आणि परदेशी जातो तो मोकळं फिरायला, असा आपला एक भाबडा समज आहे. प्रत्यक्षात तो जातो कुणाच्या तरी मागे चालायला. सकाळी गाइडच्या मागे राजवाडा, दुपारी गाइडच्या मागे चर्च. संध्याकाळी तरी सुटका व्हावी, तर आता बारमध्येही गाइडच्या मागेच जायची सोय झाली आहे. या सोयीला ‘पब क्रॉल’ म्हणतात. आगाऊ पैसे भरायचे, मनगटावर कागदी पट्टा चिकटवून घ्यायचा आणि तीस-चाळीस अनोळखी माणसांबरोबर एका बारमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात स्वतःला हाकलून घ्यायचं. कधी प्यायचं, किती प्यायचं, कधी ओरडायचं आणि कधी ग्लास खाली ठेवून निघायचं, हे सगळं गाइड सांगतो. आपण फक्त बेधुंद व्हायचं.

जुनी दगडी शहरं या धंद्याला फार मानवतात. त्यातही प्रागचं नाव वर. स्वस्त विमानं, स्वस्त बिअर आणि सहाशे-सातशे वर्षांच्या इमारती एवढं भांडवल आयतं मिळाल्यावर बाकी लागतं काय? लग्न ठरलेल्या ब्रिटिश नवरदेवांना त्यांची मित्रमंडळी इथे आणून रस्त्यावर गायला लावतात आणि वरच्या मजल्यावर राहणारे चेक आजी-आजोबा खिडकीशी जागत बसतात. शेवटी ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रागच्या कारभाऱ्यांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात गाइड घेऊन निघणाऱ्या पब क्रॉलवर बंदी घातली. आपलं आपण बारमध्ये जायला बंदी नाही; कुणी आयोजन करून फिरवलं, तर बंदी. शहराला जरा सुसंस्कृत आणि जरा जास्त पैसेवाला पर्यटक हवाय, असंही त्यांनी सांगितलं. हे दोन्ही गुण एकाच पर्यटकात सापडतील, या त्यांच्या श्रद्धेचं आम्हाला कौतुक वाटलं.

नियमाचं मात्र काही वाटलं नाही. आम्ही ‘परमिट रूम’च्या पाट्या वाचत लहानाचे मोठे झालो. आमच्या राज्यात प्यायला सरकारचा परवाना लागतो आणि १९४९च्या कायद्याखाली तो प्रकृतीच्या जतनासाठी दिला जातो. प्रकृती जपत जपत यकृत घालवलेली माणसं आमच्या परिचयाची आहेत.

तर आमचा मेहुणा. जर्मनीत सॉफ्टवेअरमध्ये असतो. तिथे राहून त्याला प्रत्येक गोष्ट तीन महिने आधी बुक करायची सवय लागली. बुक केलेली गोष्ट पैसे वसूल झाल्याशिवाय न सोडण्याची सवय तो इकडूनच घेऊन गेला होता. प्रागला त्याने आमच्यासाठीही पब क्रॉल बुक केला. “भाऊजी, पहिला तास अनलिमिटेड आहे,” एवढंच तो म्हणाला. अनलिमिटेड हा शब्द ऐकून ज्याचं पाऊल अडखळत नाही, असा मराठी माणूस आम्ही अजून पाहिलेला नाही. सौभाग्यवतींनीही फार ताणलं नाही. “जायचं तर जा. पासपोर्ट आणि पाकीट इथे ठेवा. आणि छत्री न्या, आभाळ आलंय.”

बंदीमुळे कंपनीने कार्यक्रम अलीकडे ओढला होता. संध्याकाळी सहा वाजता ओल्ड टाउन स्क्वेअरमध्ये जमायचं. म्हणजे आपल्याकडे लोक दुसरा चहा घेतात त्या वेळी. गाइड ऑस्ट्रेलियाचा निघाला. प्रागमध्ये त्याचा हा पहिलाच उन्हाळा, त्यामुळे शहराबद्दल त्याला काही सांगायचं नव्हतं आणि आम्हाला काही विचारायचं नव्हतं. जुन्या नगरभवनासमोर त्याने आम्हाला ओळीत उभं करून मोजलं. आम्ही उभे होतो तिथे फरसबंदीत पांढऱ्या दगडाचे सत्तावीस क्रूस बसवलेले आहेत. हॅब्सबर्ग सम्राटाविरुद्ध बंड केलं म्हणून १६२१ साली बोहेमियाच्या सत्तावीस पुढाऱ्यांना या चौकात देहदंड दिला, त्याची ही खूण. एका क्रुसावर एक डच मुलगा बूट घासत होता. गाइडने माणसं पुन्हा मोजली. एक कमी भरत होता. तो पलीकडे आइसक्रीम घेत होता.

तेवढ्यात सहा वाजले. नगरभवनाच्या भिंतीवरचं घड्याळ १४१० सालचं. दर तासाला वरच्या खिडक्यांतून बारा प्रेषित पुढे सरकतात आणि बाजूचा हाडांचा सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो. बाबांनो, तुमची वेळ भरत आली, असं तो गेली काही शतकं सांगतोय. आमच्या गाइडने त्याचा अर्थ ‘अनलिमिटेड तास सुरू झाला’ असा लावला आणि सगळे धावत सुटले.

पहिला बार तळघरात होता. छताची कमान मध्ययुगीन, ग्लास प्लॅस्टिकचे. लांब टेबलावर बिअरचे ग्लास त्रिकोणात मांडलेले आणि पलीकडून पिंगपाँगचा चेंडू फेकायचा. ज्याच्या ग्लासात चेंडू पडेल त्याने तो ग्लास रिकामा करायचा. चेंडू नेम चुकून जमिनीवर पडे, जमिनीवर आधीच्या तासाची बिअर वाळलेली असे. मग एक सद्गृहस्थ वाकून तो उचलत, स्वतःच्या बनियनला पुसत आणि पुन्हा फेकत. दोनतीनदा तो आमच्याच ग्लासात पडला. बिअरमध्ये तरंगणाऱ्या त्या चेंडूला एक लांब काळा केस चिकटला होता आणि आमच्या टेबलावर लांब काळे केस कुणाचेच नव्हते. “भाऊजी, वसूल करा!” मेहुणा पलीकडून ओरडला. तो तासाचा हिशोब मोबाइलवर लावत होता.

मग अ‍ॅबसिंथ आलं. चमच्यात साखर, साखरेवर लायटर, निळी ज्योत, सगळ्यांचे फोन वर. ही आग बघून आमच्या शेजारची मुलगी म्हणाली की ही इथली फार जुनी प्रथा आहे. तिला हे तिच्या फोनने सांगितलं होतं. साखरेला आग लावायचा हा तमाशा १९९०च्या दशकातला, पर्यटक यायला लागल्यानंतरचा. चौकातल्या गाड्यांवर ‘जुनं बोहेमियन पक्वान्न’ म्हणून विकलं जाणारं आइसक्रीम भरलेलं त्रदेल्निकही त्याच बोलीवर जुनं. प्रागमध्ये एखाद्या गोष्टीवर ‘प्राचीन’ असं इंग्रजीत लिहिलेलं दिसलं की ती आपल्या मेहुण्याहून लहान आहे असं समजून चालावं.

आता हे कुठे चाललं होतं, ते पाहा. चेक लोक माणशी बिअर पिण्यात तीस वर्षांहून जास्त काळ जगात पहिले आहेत. वर्षाला सव्वाशे लिटरच्या आसपास. पण ते पितात म्हणून नव्हे, ती चांगली नसली तर काय करतात म्हणून त्यांना मानायचं. पिल्झेन गावात १८३८ साली बिअर बिघडायला लागली. गावकऱ्यांनी छत्तीस पिंपं ओढत नगरभवनासमोर आणली आणि सगळ्यांदेखत ओतून दिली. पुढे आपली स्वतःची भट्टी काढली, बव्हेरियाहून योसेफ ग्रोल नावाचा कारागीर आणला आणि १८४२ मध्ये त्याने जी सोनेरी बिअर गाळली तिची नक्कल आज जगभर ‘पिल्सनर’ म्हणून विकतात. पाण्याच्या टँकरवरून नगरपालिकेवर मोर्चा नेणाऱ्या आपल्या लोकांना हे प्रकरण लगेच कळेल.

आदल्या दुपारी आम्ही दोघं हुसोवा रस्त्यावरच्या ‘उ झ्लातेहो तिग्रा’त जाऊन आलो होतो. सोनेरी वाघाची खाणावळ म्हणा. दार तीनला उघडतं आणि सव्वातीनला आत जागा नसते, कारण रोजची मंडळी आपापल्या बाकावर बसलेली असतात. दोन आजोबांनी सरकून आम्हाला टेकायला दिलं. वेटरने काही विचारलं नाही. गार पाण्यात विसळलेला जाड काचेचा मग, वर तीन बोटं दाट फेस, आणि समोर कागदाची एक चिठी. चिठीवर पेन्सिलीची एक उभी रेघ. “भाऊजी, फेसाचे पैसे लावतायत,” मेहुणा कुजबुजला. त्याला वाटलं मराठीत कुजबुजलेलं कळत नाही. शेजारच्या आजोबांनी त्याच्या चेहऱ्यावरून सगळं ओळखलं आणि स्वतःच्या फेसात बोट बुडवून ते वर करून दाखवलं: हे झाकण आहे, हे नसलं तर खालचं सगळं मरतं. मग रिकामा झाला की वेटर न विचारता दुसरा मग आणतो, दुसरी रेघ ओढतो, आणि आपण ग्लासावर ते पुठ्ठ्याचं बिअर-मॅट ठेवेपर्यंत रेघा ओढतच राहतो. गाइड नाही, शिट्टी नाही, पुढचा बार नाही. पुढचा बार असतो, ही कल्पनाच त्या बाकांवर कुणाला नसते.

याच बाकांवर लेखक बोहुमिल ह्राबाल रोज बसायचा. १९९४ साली राष्ट्राध्यक्ष वात्स्लाव हावेल अमेरिकेच्या क्लिंटनना घेऊन इथे आले, तेव्हाही तो बसलेलाच होता. हावेलना बिअरचं वावडं असण्याचं कारण नव्हतं. कम्युनिस्ट राजवटीत नाटकं बंद पडल्यावर त्यांनी एका भट्टीत पिंपं लोटली होती आणि त्यावरही नाटक लिहिलं. त्याही आधी यारोस्लाव हाशेक या लेखकाने १९११ मध्ये प्रागच्या पबमध्ये बसून एक राजकीय पक्षच काढला. नाव ठेवलं ‘कायद्याच्या चौकटीत राहून माफक प्रगती करणारा पक्ष’. ही थट्टा होती. आपल्याकडे काही पक्ष हेच धोरण गंभीरपणे राबवतात आणि त्यातली ‘कायद्याच्या चौकटीत’ ही अट तेवढी गाळतात. हाशेकच्या ‘श्वेइक’ कादंबरीतही सुरुवातीलाच पब येतो. मालकाने सम्राटाची तसबीर माश्यांनी घाण केली म्हणून काढून ठेवली आणि बिचारा तुरुंगात गेला. म्हणजे या शहरात पबमध्ये निवांत बसणं हा सरकारला घाबरवणारा उद्योग होता. तिथे आता आम्ही उभे राहून, शिट्टीवर, चेंडू घातलेली बिअर पीत होतो. कुठल्याही सरकारला आमची काडीची भीती वाटली नसती.

दुसऱ्या बारमध्ये एकच स्वच्छतागृह आणि दोन कंपन्यांचे दोन क्रॉल एकदम. रांग जिन्यापर्यंत. “पाच मिनिटांत निघायचंय!” गाइडने आवाज दिला. आम्ही अष्टविनायक केलाय, सामानासकट. महडला जी वाक्यं ऐकली, तीच इथे ऑस्ट्रेलियन इंग्रजीत ऐकू येत होती. फक्त तिकडे निदान शेवटी दर्शन होतं.

रांगेत उभं असताना टायको ब्राहेची आठवण येणं अपरिहार्य होतं. मोठा खगोलशास्त्रज्ञ. तरुणपणी द्वंद्वयुद्धात नाक कापलं गेलं, अगदी शब्दशः, म्हणून पितळेचं लावून हिंडायचा. १६०१ च्या ऑक्टोबरात प्रागमध्ये एका सरदाराकडे मेजवानीला गेला, भरपूर प्याला, आणि यजमानाच्या आधी उठणं शिष्टाचाराला धरून नाही म्हणून जागचा हलला नाही. घरी आल्यावर लघवीच अडली आणि दहा-अकरा दिवसांत गेला. त्याला विष घातलं, अशी वदंता बरीच शतकं होती. २०१० मध्ये कबर उघडून तपासलं, तर जीव जाईल एवढं विष काही सापडलं नाही. त्या माणसाची कबर आम्ही जमलो होतो त्या चौकाला लागूनच असलेल्या टीन चर्चमध्ये आहे. पब क्रॉल कंपन्यांनी कुणाच्या तसबिरीला हार घालायचा असेल, तर याच्याच घालावा. गाइडला आम्ही हे सांगायला गेलो, तर तो म्हणाला, “चार मिनिटं.”

तिसऱ्या बारचं काही सांगण्यासारखं नाही. दुसऱ्यासारखाच होता.

पावणेदहाला गाइडने सगळ्यांना रस्त्यावर काढलं. पाऊस लागला होता. शेवटचा क्लब दोन गल्ल्या पलीकडे आणि माणसं गोगलगायीच्या चालीने सरकत होती, कारण एक जण रस्त्यातच बसला होता आणि दोघी त्याचे फोटो काढत होत्या. दहाचे ठोके पडले. आणि गाइडने एक विलक्षण गोष्ट केली. कंपनीचं नाव छापलेला टी-शर्ट त्याने भर पावसात काढला, उलटा केला आणि पुन्हा घातला. हातातली चमकणारी काठी विझवून बॅगेत टाकली. “फ्रेंड्स,” तो म्हणाला, “आता मी गाइड नाही. आता आपण सगळे मित्र आहोत आणि योगायोगाने एकाच दिशेने चाललो आहोत.” कायद्याच्या चौकटीत इतकी माफक प्रगती हाशेकलाही सुचली नसती.

कोपऱ्यावर नगर पोलिसांचे दोन शिपाई उभे होते. त्यांनी चाळीस ओल्या माणसांकडे पाहिलं आणि इंग्रजीत विचारलं, “तुमचा गाइड कोण?” आमच्या मित्राने निर्विकार चेहऱ्याने आमच्याकडे बोट केलं. त्यात तर्क होता. त्या घोळक्यात पांढऱ्या केसांचे आम्ही एकटे, शुद्धीवर दिसणारे एकटे, आणि उघडी छत्री डोक्यावर उंच धरलेले तर नक्कीच एकटे. “यांना कुठे नेताय?” शिपायाने विचारलं.

“मी यांना ओळखत नाही,” आम्ही म्हणालो.

“सगळे गाइड हेच म्हणतात.”

मेहुण्याने जर्मनमधून मध्यस्थी केली. चेक पोलिसाशी जर्मनमध्ये बोलून गोष्टी सुधारतात, असं इतिहास सांगत नाही. सुदैवाने शिपाई हसला. मनगटावरचा आमचा कागदी पट्टा त्याने पाहिला, गिऱ्हाइकाची खात्री पटली आणि सगळ्यांना आपापल्या हॉटेलात जाऊन झोपायला सांगितलं. खरा गाइड तोपर्यंत पसार झाला होता. आम्ही मान खाली घालून, छत्री सावरत हॉटेलचा रस्ता धरला. वळणावर मेहुणा दबक्या आवाजात म्हणाला, “भाऊजी, मागे बघू नका.”

आम्ही पाहिलं. बाराएक जण दोन-दोनच्या ओळीत आमच्या मागे येत होते. आम्ही थांबलो की थांबत होते. गल्ली चुकून परत फिरलो तर तेही फिरले. रस्त्यात बसणारा तो तरुणही त्यांच्यात होता आणि आता छान चालत होता. हॉटेलच्या काचेच्या दारातून ते आमच्या पाठोपाठ लॉबीत शिरले. लॉबीत सौभाग्यवती बसल्या होत्या. त्यांनी त्या रांगेकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं, आणि छत्री बाहेर झटकून यायला सांगितलं.

चेंडू पुसणाऱ्या सद्गृहस्थांनी काउंटरवर मनगट ठेवलं, ओला पट्टा दाखवला आणि इथला फ्री शॉट कुठे मिळेल, असं विचारलं. रिसेप्शनवरच्या बाईंनी मान वर न करता सांगितलं की नाश्ता सातला सुरू होतो.