फाइलकाका

मराठी वर्तमानपत्राच्या कचेरीत संपादक बदलतात, क्वचित मालकही बदलतात. फाइलकाका बदलत नाहीत. त्यांचं टेबल सर्व्हरच्या खोलीच्या दाराशी. टेबलावर सीड्यांची चवड आणि दोन हार्ड डिस्क: एकीवर 'चालू' लिहिलेलं, दुसरीवर 'चालते, पण हलवू नये'. छापून गेलेली सगळी पानं पीडीएफ होऊन इथे येतात.

परवा नवी उपसंपादक धावत आली. "काका, किल्लारी भूकंपाच्या दहाव्या वर्षी, २००३ साली, आपण काय छापलं होतं? पुरवणीला हवंय. कंट्रोल-एफ मारते नि निघते."

"मार की," काका म्हणाले. नवख्यांना ते कधीच अडवत नाहीत. कचेरीत दुसरी करमणूक तरी काय आहे?

समोर पानावर ठसठशीत 'किल्लारी' दिसत होतं आणि यंत्र म्हणत होतं, सापडलं नाही. मग काकांनी मथळा कॉपी करून नोटपॅडात टाकला. टिंबं मिरवणारे युरोपीय स्वर, डॉलर, उलटं प्रश्नचिन्ह. युनिकोड १९९१ मध्येच आला होता, पण पानं लागत होती श्रीलिपीत नाहीतर आकृतीत. दिसायला मराठी, पोटात भलतंच. आणि प्रत्येक फॉन्टचं पोट वेगळं. काका त्यांच्याविषयी सोयरीक जुळवणाऱ्याच्या सुरात बोलतात. "हा घरचा चांगला, पण याचा रफार मागून येतो."

फॉन्ट बदलूनही सुटका नाही. ऱ्हस्व वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी दिसते, म्हणून जुन्या फॉन्टात ती आधीच बसवलेली. युनिकोडात ती नंतर हवी. कन्व्हर्टर जरा चुकला की गावाचं होतं 'िकल्लारी'. त्याहून जुनी पानं म्हणजे नुसते स्कॅन. त्यांतून अक्षरं ओळखून घ्यावीत तर 'घर'चं 'धर' होतं आणि 'भूकंप'चा 'मूकंप'. या सगळ्या चुका काकांच्या वहीत बाराखडीप्रमाणे लावलेल्या आहेत. बरोबर शब्द कोणीही शोधेल. काका चुकलेले शोधतात. माझ्या मते शुद्धलेखनाचा कोश छापणाऱ्यांनी ही वही एकदा पाहावी.

"सापडलं," तासाभराने काका म्हणाले. मुलगी वाचू लागली: "भूकंपग्रस्तांच्या पुनर्वसनाला आता त्वरा करा, शेवटचे दोन दिवस, पैठणीवर अजूनही छपराची प्रतीक्षा."

"दोन कॉलम आहेत," काका शांतपणे म्हणाले. "प्रोग्रॅम आडवा वाचतो. पैठणी वगळून वाच."

ती कपाळाला हात लावून गेली आणि आठवणीवर चार परिच्छेद लिहून मोकळी झाली. काका मात्र रात्री उशिरापर्यंत बसून होते. बातमी त्यांना नकोच होती. २००३ च्या सप्टेंबरात मध्येच कोणी फॉन्ट बदलला, हे त्यांना हवं होतं.

दुसऱ्या दिवशी पुरवणीचं पान आलं. त्याच जुन्या फॉन्टात. काकांनी पानं लावणाऱ्याला विचारलं, "अरे, अजून युनिकोड नाही?"

"जोडाक्षरं फुटतात, काका."

"फुटू देऊ नको, बाबा," असं म्हणत काकांनी फाइल 'चालते, पण हलवू नये' वर ठेवली आणि वहीचं नवं पान उघडलं.