तंबू कितीला पडला?

मराठी वर्तमानपत्रात तंबू रोज भेटतो. फलंदाज चार धावा काढून तंबूत परततो, निवडणूक जवळ आली की एखादा नेता या तंबूतून त्या तंबूत जातो, आणि निकालाच्या दिवशी हरलेल्यांच्या तंबूत शांतता पसरते. इतकं सगळं वाचूनही वयाच्या बेचाळिसाव्या वर्षापर्यंत मी स्वतः कधी तंबूत झोपलो नव्हतो. लहानपणी आजोळच्या जत्रेत तंबूतला सिनेमा पाहिला, तोही कनातीच्या फटीतून. त्यामुळे नायिकेचा उजवा गाल आणि खलनायकाचे बूट एवढंच लक्षात आहे.

तरीही डिसेंबरात भंडारदऱ्याला जायचं आणि तळ्याकाठी स्वतःच्या तंबूत राहायचं, असं एका रविवारी जेवताना मी जाहीर केलं. मुलांनी ताट वाजवलं. बायकोने भात वाढता वाढता विचारलं, "किती लागतील?" आमच्या घरात कुठल्याही स्वप्नाला पहिला प्रश्न हाच विचारला जातो, आणि तो रास्त असतो. वाटाघाटी होऊन आकडा ठरला: दहा हजार. तंबू, अंथरूण, दिवा, चूल, सगळं त्यात.

मग मी पंधरा दिवस अभ्यास केला. आम्ही डोंबिवलीत फ्लॅट घेतला तेव्हा एवढा केला नव्हता. फ्लॅटच्या वेळी निदान काय बघायचं ते माहीत होतं: पाणी किती वेळ येतं, स्टेशन किती मिनिटांवर, वरच्या मजल्यावर कोण. तंबूच्या बाबतीत सगळा कारभार मिलिमीटरमध्ये निघाला. एकावर लिहिलेलं १५०० मिलिमीटर, दुसऱ्यावर २०००, महागातल्यावर ३०००. मी दुकानातल्या पोराला आत्मविश्वासाने विचारलं, "महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे हा दोन हजारवाला तिथे जुलैतच गळायला लागेल ना?"

पोरगं चांगल्या घरचं होतं, हसलं नाही. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ चढवत नेतात, तो दोन मीटर झाला तरी कापड थेंब सोडत नाही, असा त्या दोन हजाराचा अर्थ, हे त्याने मला समजावून सांगितलं. पावसाच्या बेरजेशी त्याचा संबंध नाही. मग त्याने दुसरी एक गोष्ट सांगितली, ती खरी कामाची होती. अगदी स्वस्त तंबू एकाच कापडाचे असतात. आपण आत रात्रभर श्वास सोडतो, त्याची वाफ थंड कापडाला लागून पाणी होते आणि पहाटे आपल्याच अंगावर ठिबकते. म्हणून दोन कापडांचा घ्यावा: आत हवा खेळू देणारं जाळीचं, वर पाणी अडवणारं, आणि दोन्हींच्या मधे हाताच्या पंज्याएवढी फट. फटीचे पैसे घेतात म्हणा ना. पण घर घेताना 'टेरेस' नावाच्या मोकळ्या हवेचे पैसे मोजलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागत नाही.

"चार माणसांचा दाखव," मी म्हणालो.

त्याने उभा केलेला एक घुमटाकार तंबू दाखवला. आम्ही चौघं चपला काढून आत शिरलो आणि ओळीने आडवे झालो. तळ २१० बाय २४० सेंटिमीटर, म्हणजे माणशी साठ. साठ सेंटिमीटर म्हणजे दोन फूट, आमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याची रुंदी. बायकोच्या हे लगेच लक्षात आलं. मला मात्र लोकल आठवली. तिच्या बाकड्यावर जागा तिघांची असते आणि बसतात चौघं. चौथा बसतो असं म्हणायचं, प्रत्यक्षात तो एका मांडीवर तोललेला असतो आणि दुसरा पाय पॅसेजमध्ये रोवून ठाण्याची वाट बघत असतो. तंबू बनवणाऱ्याने माणसं मोजताना ही चौथी सीट धरलेली होती. माझा उजवा खांदा कापडाला टेकला होता आणि धाकट्याचा गुडघा माझ्या बरगडीला. पिशव्या कुठे ठेवायच्या, हा प्रश्न कुणी काढलाच नाही.

"बिल्डरसारखंच आहे," बायको छताकडे बघत म्हणाली. "कार्पेट किती ते विचार."

मग कळलं की जाणकार लोक छापलेल्या आकड्यातून एक किंवा दोन वजा करतात आणि चौघांसाठी सहाचा घेतात. सहाच्याची किंमत ऐकून आम्ही पुन्हा चपला घातल्या. उभं राहता येईल असा तर त्याहून वरचा. आमच्या आवाक्यातल्याची उंची होती १३० सेंटिमीटर. त्यात धाकटा ताठ उभा राहत होता, मोठी मान वाकवून, आणि आम्ही दोघं देवळाच्या गाभाऱ्यात शिरल्यासारखे.

घरी आल्यावर आईने नेमका हाच मुद्दा धरला. आई आळंदीच्या दिंडीतून कितीतरी वर्षं पायी पंढरपूरला गेलेली. रोज संध्याकाळी तळावर राहुट्या उभ्या राहणं आणि पहाटे त्यांच्या घड्या होऊन ट्रकवर चढणं, हे तिने इतक्यांदा पाहिलंय की तंबू या वस्तूचं तिला काडीचं कौतुक नाही.

"साडी कशी नेसायची यात?" तिने विचारलं.

"तू येणार आहेस का?"

"मी नाही येत. पण नेसायची कशी?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे तिने विचारलं, हा किती जणांचा? चौघांचा म्हटल्यावर ती म्हणाली, "आमच्या राहुटीवर असलं काही लिहिलेलं नसायचं बाबा. जेवढ्या बाया तेवढी राहुटी." वीस बायका, वीस पिशव्या, एक कंदील, आणि रात्री कुणाला बाहेर जायचं झालं की पायांच्या मधून वाट काढायची. पाऊस लागला तर राहुटीभोवती चर खणायचा, म्हणजे पाणी आत येत नाही. हा चर मात्र मला कुठल्याही माहितीपत्रकात सापडला नाही.

शेवटी सहा हजार चारशेला चार माणसांचा, दोन कापडांचा, दोन हजार मिलिमीटरचा तंबू आम्ही घेतला. उरलेल्या छत्तीसशेत बाकी सगळं बसवायचं होतं. पण तंबू ही घोड्यासारखी वस्तू आहे. घोडा स्वस्तात मिळतो, मग खोगीर, लगाम आणि तबेला निघतो. खाली अंथरायला जाड प्लास्टिक हवं, नाहीतर तळाला खडे टोचतात. झोपायच्या पिशव्या चार घ्यायच्या तर तंबूपेक्षा महाग पडतात. डोक्याला बांधायचा दिवा हवा, कारण दोन्ही हात मोकळे लागतात. (कशासाठी लागतात, ते तीन वाजता कळतं.) आणि खाली गादी हवीच, तिच्यावर काटकसर करू नका, असं ते पोरगं पुन्हा पुन्हा सांगत होतं. थंडी वरून लागते असा आपला समज असतो. खरी ऊब खालची जमीन ओढून घेते, आणि अंगाखाली दबलेलं पांघरूण काही उपयोगाचं राहत नाही. नुसती हवा भरलेली गादी थंडीत भलतीच गार पडते, त्यापेक्षा फोमची बरी.

इथे माळ्याने आम्हाला वाचवलं. मी शिडी लावून वर चढलो आणि निम्मं दुकान घरातच निघालं. दोन सतरंज्या. सोलापुरी चादरी. वडिलांचा होल्डॉल, पट्ट्यांसकट. पितळी स्टोव्ह, पण त्याला रॉकेल आणायचं कुठून? सर्वांत तळाशी आजोबांची घोंगडी, डांबराच्या गोळ्यांच्या वासाची. धनगर ती अंगाखाली घेऊन उघड्या माळावर मेंढरांमागे हिवाळा काढतात. फोमचं शास्त्र तिला आधीपासून येत असणार. तिघांसाठी फोमच्या तीन पट्ट्या विकत आणल्या आणि चौथा, म्हणजे मी, घोंगडीवर असं ठरलं. तरीसुद्धा एकूण हिशेब झाला बारा हजार सहाशे. वरचे सव्वीसशे कसे झाले हे मला आजही नीट सांगता येत नाही. बायकोला येतं.

तालीम हॉलमध्ये झाली. फायबरच्या कांड्या आतल्या रबरी दोरीने एकमेकींत खटाखट बसतात, ते धाकट्याने वीस वेळा करून पाहिलं. तंबू उभा राहिला तेव्हा सोफा बाल्कनीच्या दाराला लागला होता आणि स्वयंपाकघरात जायचं तर तंबूतून जावं लागत होतं. त्या रात्री मुलं त्यातच झोपली. दुसऱ्या रात्रीही. पाच रात्रींनंतर बायकोने टीव्ही दिसत नसल्याचं कारण देऊन तो सोडवला. मुळात तो ज्या पिशवीतून निघाला होता, तिच्यात पुन्हा जाईना. ती पिशवी आता कांदे-बटाट्यांना आहे.

भंडारदऱ्याला आम्ही कसारा घाट चढून घोटीवरून गेलो. बारी गावापाशी गाडी थांबवून मुलांना कळसूबाई दाखवलं: राज्यातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. धाकट्याने विचारलं, आपला तंबू किती मीटर? तळ्याकाठी पोहोचलो तर तिथे आधीच तंबूंची रांग, भाड्याच्या. मालक पुढे आला. माणशी हजार रुपये, संध्याकाळचं जेवण, सकाळचे पोहे, गादी-उशी सगळं आलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. लग्नाला पंधरा वर्षं झाली की अशा बघण्याचं मराठी भाषांतर करावं लागत नाही.

"आमचा स्वतःचा आहे," मी म्हणालो. मालक जागेचे थोडे पैसे घेऊन बाजूला बसला आणि गंमत बघू लागला.

जमीन मुरमाड. तंबूबरोबर आलेल्या नाजूक मेखा दगडाने ठोकल्या की केसांच्या आकड्यासारख्या वाकायच्या. चार वाकल्यावर मी आईला फोन लावला. ती म्हणाली, "मेखेचं डोकं तंबूपासून लांब झुकव. तुझं उलट असेल." माझं उलटच होतं. तोवर मालकाला राहवलं नाही. त्याने त्याच्याकडच्या आठ मेखा आणून दिल्या: बांधकामाच्या सळईचे हातभर तुकडे, एक टोक ठोकून अणकुचीदार केलेलं, दुसरं वाकवलेलं. दोन दणक्यांत एकेक आत. त्याचे त्याने पैसे घेतले नाहीत. रात्री आम्ही त्याच्याकडेच पिठलं-भाकरी जेवलो, त्याचे मात्र घेतले.

समोर पाणी काळं होत गेलं. प्रवरेवरचं हे विल्सन धरण इंग्रजांनी बांधलं, १९२६ साली पुरं झालं, वगैरे मी मुलांना सांगायला सुरुवात केली होती, मोठी म्हणाली, "बाबा, थोडा वेळ गप्प बसू या ना." बसलो. चौघं एकाच सतरंजीवर. इतक्या चांदण्या असतात हे मी विसरलो होतो, आणि मुलांना ते माहीतच नव्हतं. धाकट्याने तीनदा मोजायला घेतल्या आणि तीनदा चुकला.

मग झोप. किंवा तिची वाट बघणं. दहा वाजता गार वारं सुटलं तेव्हा बायकोने वरच्या झडपा बंद केल्या, आणि मी काही बोललो नाही, कारण मलाही थंडी वाजत होती. फक्त पाठीला वाजत नव्हती. घोंगडी टोचत होती, पण खालची थंडी तिने वर येऊ दिली नाही. फोमवरचे तिघं रात्रभर एकेक करून माझ्या बाजूला सरकत आले. तीनच्या सुमारास धाकट्याला बाहेर जायचं झालं. तंबूची चेन रात्री उघडली की एखाद्याने दुनियेचाच सदरा फाडल्यासारखा आवाज होतो. बाहेर दोन पावलांवर तो तणाव्यात अडकून पडला, मागून मी पडलो, आणि तंबूचा तो कोपरा बसला. आतून दोन आवाज आले. धाकटा चौथीत आहे. अंधारात पडल्या पडल्या तो म्हणाला, "बाबा, संताजीने औरंगजेबाच्या तंबूचे तणावे असेच कापले होते ना?" बखरीतली ती हकिकत खरी मानली, तर संताजी घोरपडे तंबू पाडून सोन्याचे कळस घेऊन गेले होते. आमच्या हाती एक उपटलेली मेख आली.

पहाटे ठिबकायला लागलं. बंद झडपांचं फळ. दुकानातल्या पोराचं वाक्य मला शब्दशः आठवलं, आणि मी ते मोठ्याने म्हटलं नाही, याची नोंद व्हावी.

दुसऱ्या रात्री झडपा उघड्या ठेवल्या, कानटोप्या घातल्या, सामान गाडीत ठेवलं आणि चौथी सीट मी मुकाट्याने पत्करली. ती रात्र बरीच चांगली गेली.

परत आल्यावर मी डायरीत एक पान केलं. बारा हजार सहाशे भागिले दोन: रात्रीला सहा हजार तीनशे. एवढ्यात चौघं भाड्याच्या तंबूत गादीवर झोपून पोहे खाऊन आलो असतो आणि पैसे उरले असते. पण भाजक वाढवता येतो, हेच विकत घेण्यातलं सुख. मार्चमध्ये मुरबाडकडे मित्राच्या शेतावर एक रात्र काढली: चार हजार दोनशे. एप्रिलात परीक्षा. मेमध्ये आमच्या इमारतीची वीज रात्री-अपरात्री जायला लागली, आणि मोठीच्या लक्षात आलं की वरचं कापड न लावता नुसता आतला जाळीचा तंबू उभा केला तर ती चौघांची मच्छरदाणी होते. गच्चीवर मेखा ठोकता येत नाहीत. चार कोपऱ्यांत चार पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. डोंबिवलीत चांदण्या सात दिसतात. धाकट्याची मोजणी एकदाची बरोबर आली.

सहाव्या रात्री सोसायटीचे सेक्रेटरी बॅटरी घेऊन वर आले. गच्चीवर असं काही उभारायचं म्हणजे लेखी परवानगी लागते, असं काहीसं त्यांना म्हणायचं असावं. पण बॅटरी जाळीवरून फिरली, आतल्या आठ पायांवरून फिरली, आणि ते खाली वाकले. कापड दोन बोटांत धरून त्यांनी चोळून पाहिलं.

"किती माणसांचा?"

"चार."

"म्हणजे तीन," ते म्हणाले. रोज आठ सतराची लोकल पकडणारा माणूस. "आणि कितीला पडला?"

मी अंधारात भागाकार केला. भंडारदऱ्याच्या दोन, मुरबाडची एक, गच्चीवरच्या सहा, हॉलमधल्या पाच.

"रात्रीला नऊशे," मी म्हणालो.

"हॉलमधल्या धरायच्या नाहीत," माझ्या पलीकडून, डोळे न उघडता आवाज आला. "चौदाशे."