लँडस्केपवाले अण्णा

सोलापूरला समुद्र नाही आणि नाव घ्यावं असा डोंगरही नाही. सगळा माळ. म्हणूनच की काय, समुद्र आणि डोंगराचं जेवढं वेड सोलापुरात आहे तेवढं कोकणातही नसेल. दर पेठेत एक तरी लँडस्केपवाले अण्णा सापडतात. पोटापाण्याला काहीही असो, चाटी गल्लीत कापडाचं दुकान, नाहीतर एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना. खरा जीव गळ्यातल्या कॅमेऱ्यात. अंगात ढीगभर खिशांचं जाकीट. लेन्सचं झाकण एका खिशात गेलं की ते पुढच्या सहलीलाच हाताला लागतं.

अण्णांचा रस्ता ठरलेला आहे. रत्नागिरी-नागपूर महामार्ग सोलापुरातूनच जातो, आणि तो सरकारने आपल्यासाठीच बांधला अशी त्यांची समजूत आहे. मंगळवेढा, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट की पुढे समुद्र. वाटेत वाकडी वाट करून चांदोली. चांदोलीला 2004 साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, 2010 साली ते कोयना अभयारण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं, हे अण्णा गाडी मंगळवेढ्याला पोहोचायच्या आत सांगून मोकळे होतात. त्यांचं खरं दुखणं निराळंच. डोंगरावर ढग उतरतात पावसाळ्यात, आणि नेमकं तेव्हाच वनखातं फाटक लावून घेतं. "जनावरांना सुट्टी, आम्हाला नाही," असं ते प्रत्येक चेकनाक्यावर एकदा तरी म्हणतात. वनरक्षक आता हसतसुद्धा नाही.

मग हिवाळ्यात जायचं. सड्यावर पहाटे तिकाटणं रोवायचं, वाइड लेन्स लावायची आणि धुकं हटायची वाट बघायची. बरोबरच्या पोरानं चुळबुळ केली की, "थांब की बे, ढग येऊलालेत." एकदा असेच थांबले असताना पाठीमागून, हाकेच्या अंतरावरून, भलामोठा गवा गेला. गाइडने श्वास रोखला, पोराने अण्णांची बाही ओढली. अण्णांनी मान वळवली नाही. गवा झाडीत गेल्यावर निर्णय दिला: "बरं झालं मागनं गेला. पुढनं गेला असता तर फ्रेम खराब झाली असती."

समुद्राचं त्याहून नाजूक. रत्नागिरीजवळ भाट्याच्या किनाऱ्यावर अण्णा पहाटे चारला जाऊन उभे राहतात. कोकणात सूर्य समुद्रात मावळतो, उगवतो तो डोंगरामागून. भूगोल त्यांना पाठ आहे, पण सूर्य आपल्यासाठी थोडं सांभाळून घेईल असा विश्वासही आहे. सूर्य पाठीमागून उगवतो. अण्णा संध्याकाळपर्यंत थांबतात. लेन्सवर काळा फिल्टर चढवून शटर इतका वेळ उघडं ठेवतात की खवळलेल्या लाटा सायीसारख्या मऊ दिसाव्यात. मग तोच सूर्यास्त दुसऱ्या दिवशी सकाळी 'शुभ प्रभात' लिहून सगळ्या नातेवाइकांना जातो. आजवर कुणी हरकत घेतलेली नाही. सोलापूरकर माणूस समुद्रावर विश्वास ठेवतो.

वहिनींचा सहभाग डब्यापुरता: कडक भाकरी, शेंगाचटणी, आणि वर एक सोलापुरी चादर. ही चादर म्हणजे अण्णांची युद्धसामग्री. ती पांघरून ते झुडपात दबा धरून बसतात. लालभडक रंग, मधोमध नाचरा मोर. रानातल्या जनावरांना ती पलीकडच्या डोंगरावरून दिसत असावी. त्यांच्या संग्रहात एकही जनावर नाही, याचं हेही एक कारण असू शकेल.

आता मला खटकणारी गोष्ट. सोलापूरपासून तासाभराच्या आत नान्नज आहे. 1979 साली जाहीर झालेलं माळढोक अभयारण्य. माळढोक आता दिसला तर त्याची बातमी होते, इतका दुर्मीळ झालाय. पण काळवीट आहेत, लांडगे आहेत, आणि पावसाळा सरता सरता तांबूस होत जाणारं गवत आहे. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात काळविटांचा कळप त्या गवतातून उड्या घेत निघाला, तर बघणारा कॅमेरा विसरतो. हे अण्णांना सांगून बघा. "तिथं काय आहे मालक? नुसतं गवत." पुण्याचे एक पाहुणे हातभर लांब लेन्स घेऊन खास नान्नजसाठी आले, तेव्हा अण्णांना रस्ता चहाच्या टपरीवर विचारावा लागला. पाहुण्यांनी दोन दिवसांत लांडगा टिपला. अण्णा टपरीवर बसून त्यांना आंबा घाटातले फोटो दाखवत होते.

तरी माणूस दिलदार. बारसं, साखरपुडा, गड्ड्याची यात्रा, कुठंही बोलवा, फुकट फोटो काढतील. फक्त नवरदेवापेक्षा मागचं आभाळ जास्त स्पष्ट येईल. त्यांच्याकडे जरूर जा. चहा घ्या, शेंगाचटणी मागून बांधून घ्या. पण रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडायची असेल, तर चुकूनही "नवीन काय काढलंत?" असं विचारू नका.