गावपण हवे, कोंबडी नको

प्रति,
सन्माननीय कार्यकारी मंडळ,
निसर्गसान्निध्यातील बंगल्यांची वसाहत,
मु. पो. शहरापासून दीड तास.

विषय : वसाहतीच्या नियमावलीतील ‘कुक्कुटवर्गीय पक्षी पाळण्यास सक्त मनाई’ या कलमाबाबत.

महोदय,

पुण्या-मुंबईहून मुळशी, कर्जत किंवा इगतपुरीकडे घर शोधत निघणाऱ्या कुटुंबांत परसात चार कोंबड्या असाव्यात एवढीच माफक इच्छा बाळगणारा एक वर्ग असतो, आणि मंडळाच्या नियमावलीने त्या वर्गाची जी सोय लावली आहे तिचे यथोचित कौतुक अद्याप कोणी केलेले नाही. जाहिरातपत्रकाच्या मुखपृष्ठावर सारवलेले अंगण, तुळशीवृंदावन आणि दाणे टिपणारी तांबडी कोंबडी छापायची, व खरेदीखतामागोमाग हाती पडणाऱ्या नियमावलीत त्या चित्रातल्या चालत्याबोलत्या एकमेव जिवाला मज्जाव करायचा, ही कल्पकता सामान्य नव्हे. त्यातही क्लब हाऊसमध्ये दर शनिवारी चुलीवरची गावरान कोंबडी मिळते, हे लक्षात घेता मंडळाचा आक्षेप कोंबडीला नसून तिच्या जिवंतपणाला आहे, असे अनुमान काढावे लागते.

या कलमाचे खरे सामर्थ्य राज्याच्या जमीनविषयक कायद्याशेजारी ठेवून पाहिल्यावर कळते. 1948 च्या महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम 63 मुळे शेतकरी नसलेल्या व्यक्तीला विशेष परवानगीखेरीज शेतजमीन विकत घेता येत नाही. त्यामुळे ज्याच्या घराण्याचे नाव कोणत्याही सातबाऱ्यावर, म्हणजे जमिनीचा धारक, क्षेत्र व पीक यांची नोंद दाखवणाऱ्या उताऱ्यावर, नाही त्याला बिनशेती भूखंडाकडे वळावे लागते, आणि असे भूखंड बहुधा मंडळासारख्यांच्याच हाती असतात. परिणामी शेतजमिनीवर कोंबडी चालते पण कोंबडीवाला चालत नाही, आणि बिनशेतीवर कोंबडीवाला चालतो पण कोंबडी चालत नाही. कुळकायदा करणाऱ्यांना जे सुचले नसते ते मंडळाने एका ओळीत पूर्ण केले आहे. दरम्यान सरकार मात्र उलट दिशेने निघाले असून, हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाने अंडी व मांस या दोन्हींसाठी ‘वनराज’ आणि मुख्यतः अंड्यांसाठी ‘ग्रामप्रिया’ हे वाण खास परसातील कुक्कुटपालनासाठी, म्हणजे घरामागे मोकळ्या सोडलेल्या, खरकट्यावर व किड्यामुंग्यांवर पोसल्या जाणाऱ्या मोजक्या पक्ष्यांच्या पालनासाठी, तयार केले आहेत. पक्षी तयार आहे. परस तेवढे उरले पाहिजे.

मंडळाचा पहिला आक्षेप आवाजाचा असणार, आणि तो पोकळ नाही. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी क्षेत्रात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे, तर कोंबड्याची बांग जवळून मोजली असता शंभर डेसिबलच्या आसपास जाते आणि सहा वाजण्याची वाट तो पाहत नाही. त्याला डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या विणलेल्या मोठ्या टोपलीखाली, झाकून ठेवण्याचा उपायही कुचकामी ठरतो. कारण जपानमधील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवून दिले की सतत मंद उजेडात ठेवलेले कोंबडेही शरीरातील घड्याळाच्या आधारे पहाटेच्या सुमारास आरवतात. कोंबडे झाकल्याने तांबडे फुटायचे राहत नाही, हे महाराष्ट्राला पूर्वापार ठाऊक होते. तांबडे झाकल्यानेही कोंबडे गप्प बसत नाही, ही भर नागोयाने घातली. फ्रान्समधील ओलेराँ बेटावर सुट्टीपुरते येणाऱ्या शेजाऱ्यांनी मोरिस नावाच्या कोंबड्याच्या मालकिणीविरुद्ध दावा लावला, तेव्हा 2019 मध्ये न्यायालयाने मोरिसला आरवत राहू दिले, आणि 2021 मध्ये तेथील संसदेने ग्रामीण भागातील आवाज व वास यांना वारशाचा दर्जा देणारा कायदा केला. मंडळाचे सभासदही बहुतांशी शनिवार-रविवारचेच असल्यामुळे हे उदाहरण परके वाटू नये.

तथापि या सर्व वादात एक साधी गोष्ट नियमावलीच्या लेखकांच्या नजरेतून निसटलेली दिसते, ती अशी की अंडी देण्यासाठी कोंबडीला कोंबड्याची गरज नसते. कोंबडा लागतो तो पिलांसाठी, म्हणजे खुडुक झालेली कोंबडी अंडी देणे थांबवून एकवीस दिवस ज्यांवर बसते ती अंडी फळावीत यासाठी. केवळ न्याहारीपुरती अंडी हवी असणाऱ्या कुटुंबाला चार कोंबड्या पुरतात, आणि अंडे घातल्यावरचा त्यांचा कलकलाट दिवसाउजेडी होऊन काही मिनिटांत शमतो. वसाहतीतल्या पाण्याच्या टँकरचा भोंगा त्याहून दीर्घ असतो.

वासाची तक्रार ही वस्तुतः ओलाव्याची तक्रार असते: खुराड्यात भाताच्या तुसाचा जाड थर पसरून तो वरचेवर हलवत कोरडा ठेवण्याची जी गादी पद्धत आहे तिने दुर्गंधी पुष्कळ आटोक्यात येते, व ते तूस कुजवल्यावर उत्तम खत होते, जे मंडळ सध्या गुलाबांसाठी गोण्यांनी विकत आणते. रोगाची भीती अधिक गंभीर आहे. मानमोडी किंवा राणीखेत हा विषाणुजन्य रोग लस न टोचलेल्या कोंबड्यांचा कळप पाहता पाहता संपवतो, म्हणून पिलांना पहिल्या आठवड्यातच लासोटा लस द्यावी लागते. आणि फेब्रुवारी 2006 मध्ये नवापूरच्या व्यावसायिक केंद्रांत बर्ड फ्लू आढळला तेव्हा आसपासच्या गावांतील परसातल्या कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या. मंडळाने लसीकरणाचा दाखला, रात्री बंद होणारे खुराडे (मुंगसाला नियमावली वाचता येत नाही) आणि कोंबड्यांची संख्या यांवर अटी घातल्या असत्या तर त्यांना कोणीही हसले नसते.

तूर्त कोंबडीप्रेमी कुटुंबांस एकच वाट उरते, ती गावठाणातल्या जुन्या घराची. गावठाण म्हणजे गावाची मूळ वस्तीची जागा. तिला कलम 63 सहसा आड येत नाही आणि शेजारी स्वतःच कोंबड्या पाळून असतात. अडचण इतकीच की अशा घराच्या मालकीत अनेकदा मुंबईला गेलेल्या दोन पिढ्यांची नावे असतात आणि सर्वांच्या सह्या गोळा होईतो ‘ग्रामप्रिया’चे आयुष्य सरते.

सबब, चार कोंबड्या, कोंबडा वर्ज्य, एवढ्याच मर्यादेत सदर कलम शिथिल करण्याचा विचार येत्या सर्वसाधारण सभेत व्हावा. ते शक्य नसल्यास मुखपृष्ठावरील चित्रातून कोंबडी काढून त्या जागी योग्य तो अनुमत प्राणी छापावा, ही विनंती.

कळावे,
परसाच्या शोधातील समस्त अर्जदार

प्रत माहितीसाठी : मुख्य आचारी, क्लब हाऊस.