तिसरी ॲक्शन

ढाल हातात आहे म्हणजे ती कामात आहे, असं समजू नये. ती उचलावी लागते. उचलायला एक ॲक्शन जाते, पुढचा टर्न आला की ती आपली आपण खाली येते, आणि पुन्हा उचलायला पुन्हा एक ॲक्शन. न उचलता उभे राहिलात तर राक्षसाच्या दृष्टीनं तुम्ही ताट हातात घेऊन पंगतीत शिरलेले पाहुणे. ‘पाथफाइंडर’ची दुसरी आवृत्ती शिकायला घेतली तेव्हा डोक्यात पक्का बसलेला हा पहिला नियम. तो बसला तोही वाचून नाही, लागून.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबलाभोवती चार-पाच माणसं बसतात. एक जण गोष्ट सांगतो, त्याला जीएम म्हणायचं. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. पात्रानं काही धाडस केलं की ते साधलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातून, लेक जिनीव्हा नावाच्या गावातून बाहेर पडला, तेव्हा पहिल्या छपाईत हजार प्रती काढल्या होत्या. पुढे त्याला पोरंबाळं, नातवंडं झाली, भावकीत भांडणं झाली. पाथफाइंडर हे त्याच भावकीतलं वेगळं निघालेलं घर.

मी बँकेतून निवृत्त झाल्यावर भाचीनं मला यात ओढलं. “मावशी, तुला नियम वाचायला आवडतात ना?” एवढंच तिचं कारण. ते खरंही आहे. बँकेत बाकीचे लोक रिझर्व्ह बँकेची परिपत्रकं सही करून पुढे ढकलायचे, मी ती डब्याबरोबर वाचायची. तर कोथरूडला भाचीच्या घरी आमचं टेबल बसतं. भाची जीएम. तिचा नवरा चोर, म्हणजे खेळात. एक दातांचे डॉक्टर आहेत, ते मांत्रिक. एक वकीलसाहेब आहेत, ते देवीचे पुजारी. आणि मी बुटक्या लोकांतली योद्धा, हातात कुऱ्हाड आणि ती वर सांगितलेली ढाल. नियमांचा कीस काढणाऱ्या खेळाडूला या मंडळींत ‘रूल्स लॉयर’ म्हणतात. आमच्याकडे ते खातं डॉक्टरांकडे आहे. वकीलसाहेब तोंडच उघडत नाहीत. फुकट सल्ला द्यायचा नाही, हे त्यांच्या अंगवळणी पडलंय.

आधी आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती खेळायचो. मग २०२३चा जानेवारी आला. त्या खेळाचे नियम वापरून इतरांना पुस्तकं काढायची मुभा देणारा जो खुला परवाना २००० सालापासून चालत आला होता, त्याच्या जागी आणायच्या नव्या परवान्याचा मसुदा बाहेर फुटला, आणि जगभरच्या टेबलांवर एकच गिल्ला झाला. प्रकाशकांनी महिनाअखेरीस माघार घेतली, नियमांचा मूळ ऐवज क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला केला. पण तोवर लोक उठून शेजारच्या घरी गेले होते. पाथफाइंडर काढणाऱ्या पायझो कंपनीनं सांगितलं, आमचा आठ महिन्यांचा साठा दोन आठवड्यांत संपला.

आमच्याकडेही बैठक झाली. डॉक्टर तत्त्वावर बोलले, बराच वेळ बोलले. भाचीचा नवरा म्हणाला, लढाया जास्त चुरशीच्या होतात म्हणे. मी एकच प्रश्न विचारला: पुस्तक केवढ्याला? तर कळलं, मूळ पुस्तक ६४० पानांचं आहे, जाड आहे, महाग आहे. पण सगळेच्या सगळे नियम ‘आर्काइव्ज ऑफ नेथिस’ नावाच्या संकेतस्थळावर अधिकृतपणे, कायदेशीर, फुकट वाचायला मिळतात. तत्त्व आणि काटकसर एका बाजूला उभी राहिल्यावर पुण्यात मतदानाची गरज उरत नाही.

आता नियम. प्रत्येक टर्नला तीन ॲक्शन. बस. पाचव्या आवृत्तीत ॲक्शन वेगळी, बोनस ॲक्शन वेगळी, चालणं वेगळं, आणि कुठली गोष्ट कुठल्या खात्यात टाकायची यावर डॉक्टर अर्धा तास घ्यायचे. इथे एकच खातं. चाललात, एक. मारलंत, एक. पडला होतात आणि उठलात, एक. दार उघडलंत, एक. हो, दारसुद्धा. सिनेमात नायक दार उघडून, तलवार उपसून, धावत जाऊन वार करतो. इथे दार, तलवार आणि धावणं यांतच तिन्ही संपतात, आणि नायक राक्षसासमोर उघड्या तलवारीनिशी आदबीनं उभा राहतो.

खरी मौज हातांची. एका हातात कुऱ्हाड, एका हातात ढाल. जखम झाली, पट्ट्याला औषधाची कुपी अडकवलेली आहे. ती काढणार कुठल्या हातानं? कुऱ्हाड खाली टाकावी लागते. टाकणं फुकट आहे. कुपी काढायला एक ॲक्शन, प्यायला एक, कुऱ्हाड उचलायला एक. झाला टर्न. ढाल राहिलीच खाली. मी भाचीला म्हटलं, हा खेळ बहुधा वणीच्या सप्तशृंगीसाठी लिहिलाय, अठरा भुजांची सोय आहे. डॉक्टर पान उलटत म्हणाले, “हात अठरा असले तरी ॲक्शन तीनच.”

मारामारीचा हिशेबही निराळा. पाचव्या आवृत्तीत फाशावर वीस आले की क्रिट, म्हणजे दुप्पट मार. इथे लागायला हव्या त्या आकड्याहून दहा जास्त आले तरी क्रिट. ऐकताना वाटतं, वा, आपलाच फायदा. मग लक्षात येतं की हा नियम राक्षसांनाही लागू आहे, आणि राक्षसांचं अंकगणित आपल्यापेक्षा चांगलं असतं. लढाई किती अवघड हे ठरवायला जीएमकडे गुणांचं कोष्टक असतं. चौघांच्या गटासमोर त्यांच्याहून दोन पातळ्या वरचा एक राक्षस ठेवला तर त्याचे ऐंशी गुण, आणि ऐंशी गुणांच्या लढाईला पुस्तक ‘मध्यम’ म्हणतं. आमची पहिली मध्यम लढाई ऑगर नावाच्या राक्षसाशी झाली. ऑगर म्हणजे दहा फूट उंची आणि हातात खाटकाच्या दुकानात असतो तसला, पण माणसाएवढा आकडा. डॉक्टरांच्या मांत्रिकाला लागायला सोळा पुरे होते, ऑगरचे सत्तावीस झाले.

या खेळात सहसा एका फटक्यात मरत नाहीत. मरण्याच्या चार पायऱ्या आहेत, चौथीवर संपलं. साध्या घावानं कोसळलात तर पहिल्या पायरीवर, क्रिटनं कोसळलात तर थेट दुसऱ्या. मग दर टर्नला एक फासा. दुसऱ्या पायरीवर बारा किंवा जास्त हवेत, तर एक पायरी वर याल, नाहीतर खाली. सत्राच्या सुरुवातीला प्रत्येकाला एक हिरो पॉइंट मिळतो, तो राखून ठेवला तर मरण टळतं. डॉक्टरांनी तो आधीच, एका रिकाम्या खोलीच्या दाराला कान लावताना, फासा पुन्हा टाकायला खर्च केला होता. दवाखान्यात समोरच्याला ‘काही होत नाही हो’ सांगणारा हा माणूस. पण त्या रात्री त्यांचा फासा टाकणारा हात मी पाहिलाय. वकीलसाहेबांच्या पुजाऱ्यानं वेळेवर मंत्र म्हटला म्हणून निभावलं. तेव्हाही ते काही बोलले नाहीत, नुसता फासा पुढे सरकवला.

पण मला हा खेळ आवडला तो तिसऱ्या ॲक्शनमुळे. त्याचं असं आहे, एकाच टर्नमध्ये दुसरा वार केला की पाच वजा होतात, तिसऱ्याला दहा. दहा वजा म्हणजे वार नव्हे, आशाळभूतपणा. त्यामुळे दोनदा मारून झालं की हातात एक ॲक्शन उरते आणि प्रश्न पडतो, हिचं करायचं काय? पाचव्या आवृत्तीत हा प्रश्नच नव्हता. तिथे माझा टर्न म्हणजे ‘मी मारते’, आणि मग चहा. इथे नियमच तुम्हाला ढकलतो: मागे सरका, ढाल उचला, समोरच्यावर डोळे वटारा, त्याच्याबद्दल काही माहीत आहे का आठवून पाहा. चाळीस वर्षं नोकरी-संसार केलेल्या बाईला उरल्यासुरल्या वेळाचं काय करायचं हे शिकवावं लागत नाही. मी यादी घेऊन बसले. आणि त्या यादीत मला ‘बॉन मो’ सापडलं.

बॉन मो म्हणजे टोमणा. खरंच. वाटाघाटींचं कौशल्य वापरून तीस फुटांवरच्या शत्रूला असं काही बोलायचं की त्याचं चित्त विचलित व्हावं. साधलं तर मिनिटभर त्याच्या नजरेतून आणि मनोबलातून दोन वजा, फारच साधलं तर तीन. आणि पुढे, माझ्या मते या सबंध खेळातला सर्वांत शहाणपणाचा नियम: शत्रूनं उलट टोमणा मारला तर परिणाम संपतो, पण त्यासाठी त्याला एक ॲक्शन खर्च करावी लागते. म्हणजे गप्प बसला तरी नुकसान, बोलला तरी नुकसान. आपला टोमणा अगदीच फसला तर मात्र तोच तोटा आपल्या अंगावर. हे ज्यानं लिहिलं तो सदाशिव पेठेत राहून गेलेला नाही, यावर माझा विश्वास बसत नाही.

दुसऱ्या पातळीवर गेल्याबरोबर बाकीच्यांनी उड्या मारणं, कुलपं उघडणं असलं काहीबाही घेतलं. मी बॉन मो घेतलं. पुढच्याच लढाईत आणखी एक ऑगर. मी दोन वार केले, एक लागला. मग म्हटलं, बॉन मो.

“काय म्हणतेस ते म्हणून दाखव,” भाची म्हणाली. तसा नियम नाही, पण जीएमपुढे कोण बोलणार.

मी ऑगरकडे पाहिलं, म्हणजे चटणीच्या बाटलीकडे, ती त्याच्या जागी ठेवली होती. “अहो,” मी म्हटलं, “एवढा मोठा आकडा! स्वतः उचलता, की माणूस ठेवलाय?”

‘अहो’ महत्त्वाचं. ‘अरे’ म्हटलं की ती शिवी होते, आणि शिवीचा नियम वेगळा असणार. फासा टाकला, एकोणीस. टेबल टाळ्या वाजवायला लागलं. भाचीनं जीएमचे कागद झाकणाऱ्या तिच्या पडद्यामागे काहीतरी पाहिलं आणि म्हणाली, “मावशी, त्याला कळलं नाही.”

“कळलं नाही म्हणजे?”

“त्याला फक्त जोटुन भाषा येते. राक्षसांची. तू बोललीस ती त्याला येत नाही.”

मी म्हटलं, सूर तर कळतो ना? सुरावरून मांजरालाही कळतं. डॉक्टर पानं उलटायला लागले. आणि तेव्हा, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, वकीलसाहेबांनी घसा साफ केला. “नोटीस,” ते म्हणाले, “पक्षकाराला समजेल अशा भाषेत हवी.” आणि पुन्हा गप्प झाले. बोलले ते ऑगरच्या बाजूनं बोलले.

ढाल उचलायला ॲक्शन उरली नव्हती, तेव्हा पुढचं वर्णन करत नाही.

तिसऱ्या पातळीवर मी दोन नव्या भाषा येणारं ‘मल्टिलिंग्वल’ घेतलं. एक जोटुन, एक गॉब्लिन लोकांची. तयारीनं गेले. तर भाचीनं आम्हाला उतरवलं तळघरात, आणि तिथे सांगाडे. सांगाड्यांना मन नसतं, असं त्यांच्या वर्णनात स्पष्ट लिहिलंय, आणि मनावर परिणाम करणारं काहीही त्यांना लागू होत नाही. डॉक्टरांनी ते दोनदा वाचून दाखवलं, दुसऱ्यांदा विनाकारण. वर सल्ला दिला की खेळात आठवडाभर फुरसत मिळाली तर शिकलेलं टाकून दुसरं शिकता येतं, तसा नियम आहे, बॉन मो आणि जोटुन दोन्ही काढून टाका, काहीतरी कामाचं घ्या.

मी नाही म्हटलं. बँकेत काउंटरपलीकडच्या माणसाचे कागद उलटे वाचायची मला सवय आहे. भाचीच्या पडद्यामागच्या नकाशावर, उत्तरेच्या डोंगरापलीकडे, ऑगरांची अख्खी वसाहत काढलेली आहे. माझं सामान बांधून तयार आहे.