आधी उचलून तर बगा

नांदेड-लातूरच्या प्रत्येक गल्लीत असा एक गृहस्थ असतो, की ज्याचे कोणाशी रक्ताचे नाते नसते, ज्याला कोणी बोलावलेले नसते, आणि तरीही शेजारच्या मोटारीचे बॉनेट उघडल्याचा आवाज होताच जो बनियनवर हजर होतो. या विवेचनात त्याला ‘बॅटरीमामा’ असे म्हटले आहे. मामा ही उपाधी अशासाठी, की नवरीला बोहल्यावर आणून उभी करण्याचा मान जसा मामाचा, तसा बॅटरीला गाडीत नेऊन बसवण्याचा मान हा मनुष्य कोणी न देताही घेतो, आणि मामाप्रमाणेच नंतर संसार कसा चालला याची जबाबदारी मात्र घेत नाही.

त्याच्या प्रकट होण्याचा प्रसंग ठरलेला असतो. किल्ली फिरवल्यावर इंजिनाला पहिला हिसका देणाऱ्या विजेच्या मोटरला आपल्याकडे ‘सेल्फ’ म्हणतात. ही सोय 1912 साली अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारीत आली आणि पुढे पुढे हँडल मारून मनगट मोडून घेण्याचा मानवी उद्योग थांबला. सेल्फने गुरगुरण्याऐवजी नुसते टकटक केले, की ‘बॅटरी बसली’ असे म्हणण्याची रीत आहे. बैल बसतो, भाव बसतो, आवाज बसतो, तशीच बॅटरीही बसते, आणि ती बसली की बॅटरीमामा उठतो.

दुकानात गेल्यावर तो किंमत विचारीत नाही, कंपनी विचारीत नाही, गाडी कोणती हेही दुकानदाराला सांगत नाही. तो बाह्या सारतो, समोरची पहिली बॅटरी दोन्ही हातांनी छातीपर्यंत उचलतो, डोळे मिटतो आणि अभिषेकाला बसलेल्या यजमानाप्रमाणे काही क्षण स्तब्ध राहतो. मग ती खाली ठेवून ग्राहकाकडे वळतो आणि म्हणतो, “मालक, आधी उचलून तर बगा!” ग्राहकाने उचलून पाहिली तरी त्याला काही कळत नाही, कारण त्याने आयुष्यात दुसरी बॅटरी उचललेली नसते; परंतु मामाचा निकाल तोवर लागलेला असतो. बॅटरी एक तर ‘भरीव’ असते, नाही तर ‘पोकळ’. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, पण मामाच्या शास्त्राचा प्रत्येक रस्ता याच एका उचलण्यापाशी येऊन थांबतो.

या शास्त्राला काहीच आधार नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. फ्रान्समधील गास्तों प्लांते याने 1859 साली शिशाचे पत्रे गंधकाम्लात बुडवून जी बॅटरी केली, तिचेच वंशज आजही मोटारींत आहेत. शिसे पाण्याहून 11 पटींहून अधिक जड असल्यामुळे एकाच आकाराच्या दोन डब्यांपैकी जड डब्यात पट्ट्यांचे, म्हणजे ‘प्लेटां’चे, शिसे अधिक असण्याचा संभव खरोखरच असतो. अडचण अशी, की हा एक तपशील मामाने सिद्धांताच्या पदवीला चढवला आहे. एका चावट दुकानदाराने, मामाने ‘पोकळ’ म्हणून बाजूला ठेवलेली बॅटरी पाठीमागून फिरवून, पुसून, पुन्हा त्याच्याच हातात दिली, तेव्हा त्याने डोळे मिटून सांगितले, “ही बगा, कशी भरीव हाय!” टरबूज, लग्नपत्रिका, अकरावीच्या पोराने क्लासमधून आणलेल्या नोट्सचा गठ्ठा, देवीचा नारळ या सर्व वस्तू तो याच कसोटीस लावतो, ‘लातूर पॅटर्न’ने राज्याला शिक्षण कसे द्यावे हे शिकवले असे म्हणतात, परंतु ते किती किलो असावे याबद्दल शेवटचा शब्द बॅटरीमामाचाच असतो.

बॅटरी निवडताना वस्तुतः प्रथम पाहावयाचे ते गाडीच्या पुस्तिकेतील दोन आकडे. पहिला व्होल्ट, म्हणजे विजेचा दाब. मोटारीची बॅटरी सहा कप्प्यांची, म्हणजे सहा ‘सेल’ची असते, प्रत्येक सेलचा दाब दोन व्होल्टांहून किंचित अधिक असतो, आणि म्हणून 12 व्होल्टची म्हटली जाणारी बॅटरी पूर्ण भरल्यावर 12.6 व्होल्ट दाखवते. दुसरा अँपिअर-तास, म्हणजे साठा. दाब आणि साठा यांतील भेद अन्यत्र उदाहरणे देऊन समजवावा लागतो, पण ज्या शहराने 2016च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी पाहिले आणि आपल्या गच्चीवरच्या टाकीचे लिटर पाठ केले, त्या लातूरला नळाची धार निराळी आणि टाकीचे माप निराळे हे सांगण्याची आवश्यकता नाही. छोट्या मोटारीला 35 अँपिअर-तासांची टाकी बहुधा पुरते. मामा मात्र त्याच किमतीत जड मिळते म्हणून मोठी घ्यायला लावतो. ती तळातल्या खाचेत बसत नाही, धन आणि ऋण टर्मिनले, म्हणजे तार जोडण्याची दोन शिशाची टोके, उलट्या बाजूंना येतात, आणि तार चार बोटे अपुरी पडते. अशा वेळी मामाचा अभिप्राय असा असतो, की गाडीच चुकीची घेतली.

डब्यावरील आणखी एक आकडा विक्रेते मोठ्या अभिमानाने दाखवतात. शून्याखाली 18 अंश सेल्सिअसच्या थंडीत बॅटरी 30 सेकंदांपर्यंत, दाब 7.2 व्होल्टच्या खाली न जाऊ देता, किती प्रवाह देऊ शकते याचे ते माप आहे. ज्या नांदेडात मे महिन्यात बाहेर उभ्या गाडीच्या स्टिअरिंगला हात लावताना रुमाल घ्यावा लागतो, तेथे हे माप उंटाला ब्लँकेट दाखवावे तसे आहे. आपल्याकडील बॅटरीचा वैरी थंडी नसून ऊन आहे, कारण तापमान दर 10 अंशांनी वाढले की आतली रासायनिक झीज साधारण दुपटीने होते. बॅटरी मरते उन्हाळ्यात आणि तिच्या मृत्यूची वार्ता कळते मार्गशीर्षातल्या एखाद्या गार सकाळी, म्हणून दोष बिचाऱ्या थंडीवर येतो.

कंपनीच्या प्रश्नात मामा तटस्थ नसतो. एक्साइड कोलकात्याची आणि अॅमरॉन तिरुपतीकडची, एवढी माहिती त्याला असते, आणि “बालाजीच्या गावाहून आलेली वस्तू दगा देती काय?” हा त्याचा युक्तिवाद मराठवाड्यात सहसा कोणी खोडत नाही. वॉरंटीच्या कागदाकडे तो ढुंकून पाहत नाही. त्यावर 48 महिने छापलेले असले तरी पुष्कळदा त्यांपैकी पहिल्या निम्म्या काळातच बिघडलेली बॅटरी फुकट बदलून मिळते आणि उरलेल्या काळात नव्या बॅटरीवर केवळ घटत जाणारी सूट मिळते, हे बारीक अक्षर वाचण्याचे काम चष्मा असलेल्या शेजाऱ्याकडे येते.

याहून गंभीर दोष असा, की बॅटरी बसली म्हणजे बॅटरीच वाईट, याखेरीज दुसरे कारण त्याला मान्य नसते. एका निवृत्त गुरुजींच्या गाडीची बॅटरी त्याने वर्षात दोनदा बदलवली, आणि दोन्ही वेळा ‘भरीव’च निवडली. पुढे एका वायरमनच्या पोराने दाखवून दिले, की डॅशबोर्डवरच्या गणपतीमागे लावलेला 5 वॅटचा दिवा गाडी बंद असतानाही अहोरात्र जळत होता. असा दिवा दिवसाला सुमारे 10 अँपिअर-तास पितो, आणि गुरुजी गाडी काढत फक्त रविवारी. चालू इंजिनावर बॅटरीच्या टोकांशी 13.8 ते 14.4 व्होल्ट मिळतात की नाही, एवढे मीटर लावून पाहिले असते तरी गाडीतला वीज तयार करणारा आल्टरनेटर निर्दोष ठरला असता आणि संशय अन्यत्र वळला असता. मामाने मीटरही उचलून पाहिला, आणि तो हलका असल्यामुळे त्यावर विश्वास ठेवला नाही.

आश्चर्य याचे वाटते, की हा मनुष्य ज्या परंपरेतून आला तिच्यात वजनाला असे स्थान कधीच नव्हते. देवणी हे लातूर जिल्ह्यातले आणि कंधार हे नांदेड जिल्ह्यातले; देवणी आणि लाल कंधारी या गोवंशांची कीर्ती याच मातीतली, आणि माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत मामाच्या आजोबांनी बैल पारखले ते जबडा उघडून, दात मोजून, चार पावले चालवून. दोन दाती, चार दाती, जुळलेला ही जनावराच्या वयाची मापे होत. बॅटरीचे दात म्हणजे तिच्यावर छापलेला अथवा सांकेतिक अक्षरांत कोरलेला निर्मितीचा महिना. दुकानाच्या फळीवर कित्येक महिने न भरता पडून राहिलेल्या बॅटरीत प्लेटांवर कठीण खडे धरतात, याला सल्फेशन म्हणतात, आणि असा माल कितीही जड असला तरी म्हातारा बैलच होय. आजोबांनी एकही बैल उचलून घेतल्याची नोंद नाही.

त्या परंपरेचा एकच धागा मामाकडे शाबूत राहिला आहे. ट्रकची वीजव्यवस्था 24 व्होल्टची असते, म्हणजे 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागोमाग जोडलेल्या असतात. देगलूर नाक्यावर एखादा ट्रकमालक पैसे वाचवण्यासाठी एकच बदलू लागला, की मामा त्याचा हात धरतो आणि सांगतो, की नव्या खोंडाबरोबर थकलेला बैल जुंपला तर थकलेला चालत नाही, खोंड मात्र मोडतो. हे विधान विद्युतशास्त्राच्या कसोटीवर पूर्णतः खरे आहे, आणि अशा वेळी त्याने दोन्ही उचलून पाहिल्या तरी त्याला क्षमा करावीशी वाटते.

मामाच्या बाजूने आणखी एक गोष्ट नोंदवणे भाग आहे. चाकूर तालुक्यातल्या एका गावी बाळंतपणाला आलेल्या मुलीला रात्री अडीच वाजता कळा सुरू झाल्या, लातूर गाठायचे होते आणि दारातली गाडी नुसती टकटक करीत होती. तेव्हा हा मनुष्य स्वतःच्या गाडीची बॅटरी काढून, ती पोटाशी धरून, अंधारात अख्खी गल्ली ओलांडून आला, आधी ऋण मग धन या क्रमाने जुनी सोडवली, आधी धन मग ऋण या क्रमाने आपली जोडली, आणि गाडी सुरू झाल्यावर त्याच गाडीत मागे बसून गेला, न जाणो वाटेत लागलीच तर. त्या रात्री त्याने बॅटरीच्या वजनाबद्दल चकार शब्द काढला नाही. सकाळी नर्सने बाळाचे वजन सांगितले ते त्याला पटले नाही, त्याने बाळ दोन्ही हातांवर घेतले, डोळे मिटले, आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, “भरीव हाय.”

आता पाणी घालावे न लागणाऱ्या बंद बॅटऱ्या आल्या आहेत, फोन केला की कोणी पोरगा दुचाकीवरून येऊन दहा मिनिटांत बदलून जातो, आणि जुनी परत घेऊन योग्य जागी पोहोचवण्याची जबाबदारी 2022च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. मामाला कोणी दुकानात नेत नाही. गेल्या वर्षी गल्लीत पहिली विजेवरची मोटार आली, तेव्हा तो नेहमीप्रमाणे आला, दोनदा भोवती फिरला, आणि बॅटरी खालच्या तळाशी पसरलेली असून ती शेकडो किलोंची आहे असे कळल्यावर त्याने सारलेल्या बाह्या पुन्हा खाली केल्या. मग मालकाने सहज बॉनेट उघडले. बहुतेक विजेच्या मोटारींत दिवे, भोंगा आणि कुलपे चालवण्यासाठी बॉनेटखाली आजही एक 12 व्होल्टची वेगळी छोटी बॅटरी असते, आणि ती एका माणसाला उचलता येते.